संकासुराची आई

“टोपी काढ मरे ती,” विश्राम फोनच्या पडद्याकडे बघत म्हणाला. “मे म्हयन्यात कानटोपी कोण घालता?”

“सर्दी झाली हा,” पलीकडून भालू म्हणाला.

“आणि मिशी खंय गेली?”

“उष्म्यान काढलंय. घामान खाजता.”

“सर्दी आणि उष्मो एकाच टायमाक? बरा आसा तुझा!” विश्राम मोठ्यानं हसला.

भालू हा विश्रामचा धाकटा भाऊ. कर्ली नदीच्या काठच्या त्यांच्या गावात तो किराणा दुकान चालवायचा. मी त्याला प्रत्यक्ष कधी भेटले नव्हते, पण आठवड्यातून दोनदा तो फोनमधून आमच्या गॅरेजात हजर व्हायचा, त्यामुळे घरचाच झाला होता. एरवी तो फोन हातात घेऊन घरभर फिरायचा, गाय दाखवायचा, पोरीची वही दाखवायचा. त्या दिवशी मात्र घरासमोरच्या खळ्यात एका जागी उभा राहून, फोन तोंडाला लावल्यासारखा जवळ धरून बोलत होता. आणि बघत होता तो आमच्याकडे नाहीच. फोनच्या वरून पलीकडे, समोर कुणीतरी उभं असावं तसं.

“दादा, आई बरी नाय,” तो म्हणाला. “डॉक्टरांनी हात टेकल्यानी. सारख्या तुझा नाव घेता. तू ये.”

विश्रामचं हसू मावळलं. “कधीपासून?”

“झाले चार-पाच दिस. आणि दादा, शेट स्वता घराक इल्ले. म्हणाले, झाला गेला इसरा, झिलाक बोलवा. सगळे केशी मागे घेतल्यानी. तुका कोण हात लावचो नाय.” हे सगळं त्यानं शाळेत कविता म्हणतात तसं एका दमात म्हटलं.

“आईक दाखव.”

“निजली आसा. आत्ताच डोळो लागलो.”

तेवढ्यात त्याच्या खांद्यामागून एक बाई आली. हातात भाताचा टोप, वर ताट झाकलेलं. खळ्याच्या कडेला तिनं तो टोप खाली ठेवला, “बाय, भात ठेवलंय गो,” अशी हाक दिली आणि पायरीसुद्धा न चढता आल्या वाटेनं निघून गेली. भालूनं घाईघाईनं फोन दुसरीकडे वळवला. आता त्याच्या मागे नुसतं आभाळ दिसत होतं.

विश्रामनं फोन दुसऱ्या हातात घेतला. मग पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणाला, “येतंय. तिकीट काढतंय आजच. आईक सांग, झील येता म्हणान.”

मी मूळची सांगलीची. मालवणी मला सासूबाईंनी शिकवली, म्हणजे त्या भाषेत मी त्यांची इतकी बोलणी खाल्ली की आपोआप आली. माझा नवरा दिगंबर कुडाळचा. तो इथे कॉव्हेंट्रीत मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होता, आणि मी महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी, म्हणजे सगळ्यांचे रुसवेफुगवे काढणारी बिनपगारी मोलकरीण. मंडळानं भारतातून नाटक बोलावलं की नटांना सभासदांच्या घरी वाटून द्यायचं असा आमचा रिवाज. तशी एका वर्षी आमच्या वाट्याला विश्राम तोरस्कर नावाची वल्ली आली. नाटकातले बाकीचे परत गेले, विश्राम राहिला. कायमचाच.

तो का राहिला ते अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. दशावतारात संकासुर नावाचा राक्षस असतो. अंगभर काळे कपडे, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. मुख्य नाटकाआधी येऊन तो लोकांना हसवतो आणि गावातल्या बड्या धेंडांची खिल्ली उडवतो, आणि राक्षसाचं बोलणं म्हणून ते चालून जातं. विश्रामनं हा संकासुर देवळासमोरून उचलून टीव्हीच्या खुर्चीत नेऊन बसवला. कार्यक्रमाचं नाव ‘नाव न घेता’. कुणाचंही नाव न घेता तो असा सोलून काढायचा की दुसऱ्या दिवशी त्या माणसाला घराबाहेर पडणं मुश्कील व्हायचं. मग मोरजकर शेटच्या कर्लीतल्या वाळू उपशात दोन मजूर बुडाले आणि ते बुडालेच नाहीत असं कागदोपत्री ठरलं. त्यावर केलेल्या भागात विश्रामनं मुखवटा काढून ठेवला आणि शेटचं नाव घेतलं, सरळ, चार वेळा. त्यानंतर नाटक कंपनीचा ट्रक जळाला. चॅनलनं कार्यक्रम गुंडाळला. त्याचा कॅमेरामन त्याच नदीत सापडला, पट्टीच्या पोहणाऱ्यांचा पोर असून.

आमच्या गॅरेजात मी त्याला एक कॉट, हीटर आणि काळा पडदा लावून दिला. तिथून तो इंटरनेटवर कार्यक्रम करायचा. कॅमेरा मी धरायची. टीव्हीवर बघत नव्हती इतकी माणसं आता त्याला बघायला लागली होती. तोंडाळ, आळशी, चहाचे कप कुठेही ठेवणारा, आणि माझ्या सख्ख्या भावापेक्षा मला जवळचा.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “ताई, उद्या दुपारचं विमान मिळतंय का बघा. मुंबईवरून गोवा.”

“आणि ते खरंच केसेस मागे घेतील?”

“शेट शब्दाचा पक्का आहे,” तो म्हणाला आणि कपाट उघडून कपडे बाहेर फेकायला लागला.

मला राग आला. इतकी वर्षं ज्या माणसाचे वाभाडे काढले, त्याच्या शब्दावर हा आता पोरासारखा विश्वास ठेवून निघाला. पण आई म्हटल्यावर काय बोलणार? मी तिकीट काढलं. खिडकीतून बाहेर बघितलं तर समोरच्या चिप्सच्या दुकानाच्या दाराशी तो ‘फॅन’ उभा होता. आठवड्यापूर्वी तो बेल वाजवून आला होता. “विश्राम सर इथेच राहतात ना? मी त्यांचा मोठा फॅन आहे,” असं गोड बोलून सेल्फी काढून गेला. शुद्ध पुणेरी बोलणं, नवा निळा कोट. त्यानंतर कधी बस स्टॉपवर, कधी त्या दुकानात तो दिसतच राहिला. चिप्स खाताना मात्र मी त्याला एकदाही पाहिलं नाही.

जेवायला बसलो तेव्हा दिगंबर आमटी ओरपत सहज म्हणाला, “ती शेजारीण पायरी चढून वर का गेली नाही गं? आमच्याकडे बायका सरळ चुलीपर्यंत जातात.”

“मला काय माहीत? तुमच्याकडच्या बायका.”

“आणि आयता भात कशाला आणला? त्यांच्याकडे काय चूल पेटली नाही?”

माझ्या हातातला घास तसाच राहिला. माझे वडील गेले तेव्हा सांगलीला आमच्या घरी शेजारच्या कमलमावशी असाच टोप घेऊन आल्या होत्या. पिठलं-भात. उंबऱ्याबाहेर ठेवून, कुणाला न शिवता परत गेल्या. ज्या घरातून माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही, शेजारी शिजवून आणून देतात, आणि सुतक असतं म्हणून आत येत नाहीत. कानटोपी. काढलेली मिशी. आईचे दिवस धाकट्या मुलानं करायचे असतात, आणि भालू धाकटा.

म्हातारी गेलेली होती. आणि सख्खा भाऊ कॅमेऱ्यासमोर उभा राहून ती जिवंत आहे म्हणून सांगत होता.

मी पान तसंच टाकून गॅरेजात गेले. विश्राम बॅग भरत होता. शर्ट घडी करून भरायचे असतात हे त्याला माहीत नव्हतं, तो कोंबत होता.

“विश्राम, जाऊ नकोस.”

“का?”

 एखाद्याला त्याची आई मेली हे सांगायचं, आणि तेही आपल्या नुसत्या तर्कावरून? मी म्हटलं, “भालू खोटं बोलतोय.”

“हो,” तो म्हणाला. “फार वाईट बोलतो खोटं. लहानपणी आंबे चोरले की पहिला तोच पकडला जायचा.”

“विश्राम, तुझी आई...”

“माहीत आहे ताई.” तो बॅगेकडेच बघत होता. “त्या काकी टोप ठेवून गेल्या तेव्हाच कळलं. शेटच्या माणसांनी सगळा बंदोबस्त केला. भालूला टोपी घातली, फोन घरात नेऊ दिला नाही, काय बोलायचं ते पढवलं. पण शेजारणीनं भात आणायचा असतो, हे काय कुणी थांबवणार? ते त्यांच्या डोक्यातच आलं नाही.”

तो कॉटवर बसला. मी शेजारी बसले. मला रडू आलं, त्याला आलं नाही. त्याचा चेहरा बघून मला जास्त भीती वाटली.

“मग ही बॅग कशाला?”

“भालू, त्याची बायको आणि ती पोरगी. तिघं त्यांच्या हातात आहेत. मी येतोय असं वाटतंय तोवर त्यांना कोणी काही करणार नाही. मी नाही म्हटलं तर?” त्यानं बॅगेची चेन ओढून घेतली.

“आपण पोलिसांत जाऊ. तो बाहेर उभा आहे त्याला पकडून देऊ.”

“काय म्हणून? सेल्फी काढला म्हणून?”

खरं होतं. तो फॅन आमच्या दारापुढे नुसता उभा होता, आणि उभं राहणं हा काही गुन्हा नाही.

“मला निघावं लागेल,” विश्राम म्हणाला. “बसमध्ये चढलो, विमानतळात शिरलो, हे त्यानं बघायला हवं आणि तिकडे कळवायला हवं. तेवढ्या वेळात भालूला गावाबाहेर काढायचं.”

“कसं? तू फोनवर बोलशील ते सगळं ते ऐकणार.”

“ऐकू दे की.” पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत थोडी जान आली. “आमच्या नाटकाला लिहिलेलं काही नसतं ताई. कथा ठरलेली, बोलणं ज्याचं त्यानं करायचं. समोरचा अडला तर त्याचं उत्तर आपण आपल्या प्रश्नात घालून द्यायचं, लोकांना कळता कामा नये. भालूनं कधी तोंडाला रंग लावला नाही. पण आमच्या पेटाऱ्यांवर झोपून मोठा झालाय तो. रात्र रात्र हेच ऐकलंय त्यानं.”

“आणि त्याला कळलं नाही तर?”

“कळायलाच हवं.”

सकाळी सातलाच त्यानं फोन लावला. तिकडे दुपार होत आली होती. मला त्यानं कॅमेऱ्यामागे बसतात तशी समोर बसवलं. “तुम्ही समोर असलात की मला सवयीचं वाटतं,” म्हणाला. रात्रभर तो झोपला नव्हता हे मला ठाऊक होतं, पण फोन उचलला गेला आणि हा माणूस एकदम लग्नाला निघाल्यासारखा दिसायला लागला.

“भालू रे! निघालंय मी. आईन काय खाल्ल्यान?”

भालू अडखळला. “पेज. पेज खाल्ल्यान.”

“मी येतंय म्हटल्यावर काय म्हणाली?”

 भालूनं कानटोपी पुढे ओढली. मग तो म्हणाला, “हसली.”

“हसली मा? बरा झाला.” विश्रामनंही हसून मान हलवली. त्याची टेबलाखालची मूठ फक्त मला दिसत होती. “आणि ता बेळगावच्या डॉक्टराचा औषध? ता संपला आसतला.”

भालूनं पहिल्यांदा सरळ फोनकडे बघितलं. बेळगावचा कुठला डॉक्टर नव्हता, हे मला नंतर कळलं.

“संपला,” तो सावकाश म्हणाला.

“मगे कित्या बसलंस? आत्ताच्या आत्ता जा आणि घेवन ये. मी इलंय की पयला ता औषध बघतलंय. नसला तर माझो राग तुका म्हायत आसा. विमानतळासून मागे फिरान जायन.”

“एकटो जाव?”

“एकटो कसो? तुझ्या बायलेचे डोळे दाखवचे आसत म्हणत होतंस मा त्याच डॉक्टराच्या भावाक? आणि चेडवाचो कान? तिघांव जावा, एकाच खेपेत काम होयत. औषध गावला की ताईंक फोन करून कळव, मी वाटेर आसतलंय. माका घेऊक तू येव नको. शेटची माणसा येतली मा?”

“येतली. सगळी येतत म्हणाले.”

“मगे झाला! शेटांक माझो नमस्कार सांग. त्यांका म्हणा, संकासुर येता, हार तयार ठेवा.”

भालूच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. एक जाडसर आवाज हलकेच म्हणाला, “जाऊ दे त्याला. बरोबर गण्याला पाठव.” आणि फोन बंद झाला.

विश्रामनं फोन टेबलावर उपडा ठेवला. “आई जिवंत आहे म्हणतात ना,” तो म्हणाला, “मग तिला औषध लागणारच.” आणि मग त्याला एकदम ओकारी आली. मी त्याचं डोकं धरलं. आयुष्यात त्यानं इतकी सोंगं केली होती, हे एक त्याच्या पोटात राहिलं नाही.

बसपर्यंत मी त्याला सोडायला गेले. हीथ्रोची बस लागलेली होती. आमच्या मागून तो निळा कोट आला, हसून “गुड मॉर्निंग सर” म्हणाला, आणि विश्रामच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. विश्रामनं काचेतून माझ्याकडे बघून डोळे वटारले, कार्यक्रमात कुणाची टोपी उडवायच्या आधी वटारायचा तसे. ठरलं होतं ते असं: भालू बेळगावला पोचला की माझ्या फोनवर कळवेल, कारण विश्रामचा फोन सुरक्षित नव्हता. मी विश्रामला एक साधं वाक्य कळवायचं. मग तो आत पोलिसांकडे जाऊन सांगेल की माझ्या जिवाला धोका आहे, मला घरी पोचवा. संध्याकाळपर्यंत घरी. मी त्याच्यासाठी कुळथाची पिठी करायची असंसुद्धा ठरलं होतं.

घरी आले आणि स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून बसले. दिगंबरनं रजा काढली होती. तो उगाच नळ दुरुस्त करत होता, जो बिघडलेला नव्हता. त्याच्या त्या ठाकठुकीनं मी इतकी वैतागले की शेवटी पाना हिसकावून घेतला. नळाचं पाणी, रस्त्यावरच्या गाड्या, सगळ्याचा मला राग येत होता. फोन मात्र गप्प.

विमान सुटायला तासाभराचा अवधी राहिला असेल, तेव्हा अनोळखी नंबरवरून भालूचा आवाज आला. “ताईनू, पोचलो. तिघांव.” आणि मग तो मोठा बाप्या फोनवर हमसून हमसून रडायला लागला. त्यांच्याबरोबर दिलेल्या माणसाला एका मोठ्या दवाखान्याच्या बाकावर बसवून, पोरीचा कान तपासायला आत नेतो म्हणून हे तिघं मागच्या दारानं बाहेर पडले होते. आता एका ओळखीच्या मास्तरांच्या घरात होते. आई तीन दिवसांपूर्वी झोपेतच गेली होती. शेटची माणसं सांत्वनाला म्हणून आली ती उठलीच नाहीत.

मी देवाला नमस्कार केला, दिगंबरच्या पाठीत आनंदानं गुद्दा घातला आणि विश्रामला फोन लावला. ठरलेलं साधं वाक्य वगैरे सगळं विसरले.

“सुटले रे! तिघंही सुटले! निघ तिथून. पोलिसांकडे जा आधी.”

“बरं झालं,” तो म्हणाला. मागून विमानांच्या घोषणा ऐकू येत होत्या. 

“विश्राम? ऐकतोयस ना?”

“ताई, घराला कुलूप घातलं असेल ना त्यांनी?”

“कुठल्या घराला?”

“आमच्या. तिघंही निघाले म्हणजे घरात कोणी नाही.” तो थांबला. “आईच्या जागेवर दिवा ठेवलेला असतो. दहा दिवस तेवत ठेवायचा असतो. आता विझला असेल.”

त्याच्या मनात काय आहे ते मला कळलं. “अरे वेडा आहेस का? तू कधीपासून हे मानायला लागलास? पिंड, कावळे, सगळ्याची टिंगल केलीस तू कार्यक्रमात. मीच कॅमेरा धरला होता.”

“मी नाही मानत. ती मानायची.”

“भालू बेळगावात करेल सगळं.”

“ती त्या घरात गेली ताई. त्या नदीवर जाळलं तिला. धाकट्यानं करायचं, तर त्या धाकट्याला मीच पळवून लावलं. आता दोघांपैकी एकानं तरी असायला नको?”

“मारतील ते तुला!” मी ओरडले. दिगंबर धावत आला.

“दहा दिवस नाही मारणार,” विश्राम शांतपणे म्हणाला. “क्रियेला बसलेल्याला आमच्याकडे कोणी शिवत नाही, मग हात कुठून उचलणार? शेटची माणसंही त्याच मातीतली. वाळूसाठी माणूस बुडवतील, पण सुतकातल्याला हात लावायला घाबरतील.”

“आणि अकराव्या दिवशी?”

“दिगंबररावांना सांगा, तो हीटर दुरुस्तीला द्या. डाव्या बाजूनं जळका वास येतो त्याला.”

मी त्याला शिव्या दिल्या. विनवण्या केल्या. माझी शपथ घातली. तो सगळं ऐकून घेत होता, आणि मग कुणीतरी त्याला पासपोर्ट मागितला, आणि तो “येस, सॉरी” म्हणाला, आणि फोन बंद झाला. मी पुन्हा पुन्हा लावला. विमानतळाच्या पोलिसांनाही फोन केला. त्यांनी विचारलं, हा माणूस स्वतःच्या इच्छेनं प्रवास करतोय का? मी फोन ठेवला.

पुढचं मला भालूकडून कळलं, आणि त्याला गावातल्यांकडून. विश्राम गोव्याला उतरला तेव्हा दाराशी शेटच्या दोन गाड्या उभ्या होत्या. बाहेर आला तो डोक्याचा गोटा करून, मिशी काढून, अंगाला पांढरं धोतर गुंडाळून, अनवाणी. मुंबईच्या विमानतळावरच त्यानं ते उरकलं असणार. त्याला धरायला पुढे झालेल्यानं हात मागे घेतला म्हणे. त्यांनीच त्याला एका गाडीत एकट्याला बसवून घरी आणलं आणि स्वतः दुसऱ्या गाडीत दाटीवाटीनं बसले. घराचं कुलूप त्यानं दगडानं फोडलं. रोज सकाळी तो नदीवर जायचा, ती माणसं लांबून मागे चालायची. शेजारच्या काकी खळ्याच्या कडेला टोप ठेवून जायच्या. गावातलं कुणी त्याच्याशी बोललं नाही. काहींना सुतक होतं, बाकीच्यांना भीती.

दहाव्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. पोलिसांच्या लेखी बेपत्ता आहे. शेट म्हणाले, परत विलायतेला पळाला असेल, विचारा तिकडे. मी पत्रं लिहिली, अर्ज केले, खासदारांच्या दारात बसले. भालू बेळगावातच राहिला, तिथेच त्याचं दुकान आहे. नऊ वर्षं झाली. ‘नाव न घेता’चे जुने भाग अजून लोक बघतात, खाली लिहितात की हा माणूस हल्ली दिसत नाही.

माझ्याकडे त्याचं शेवटचं जे आहे ते मी इंटरनेटवर कुठे टाकलेलं नाही. दहाव्याची क्लिप. गावातल्या कुणीतरी झाडाआडून काढलेली, कुणी ते भालूलाही माहीत नाही.

नदीकाठची वाळू. केळीच्या पानावर भाताचे पिंड. विश्राम उघड्या अंगानं हात जोडून उभा, लांबवर गावातले थोडे लोक. काजूच्या झाडावर कावळे, आणि त्याच झाडाखाली शेटची चौघं बसलेली. कावळा शिवल्याशिवाय विधी पुरा होत नाही आणि विधी पुरा झाल्याशिवाय त्यांना उठता येत नाही. मेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून विश्राम आईला एकेक वचन देतोय.

“आये, भालूक मी सांभाळतलंय.”

कावळे जागचे हलत नाहीत.

“तेच्या चेडवाचा लगीन मी करून देतलंय.”

नाही.

“घर शाकारतलंय. तुळशीक पाणी घालतलंय. तुझी गाय इकूक देवचंय नाय.”

असं कितीतरी वेळ चाललंय. सोबतचा नट अजून रंगून तयार नसला की पुढचा प्रवेश लांबवत नेतात तसा तो लांबवतोय, निवांत, एकही शब्द न अडखळता. ऊन चढलंय. चौघांतला एक जांभई देतो. विश्राम एकदा त्यांच्याकडे वळून बघतो. मग परत पिंडाकडे बघतो, आणि इतक्या हळू बोलतो की मला आवाज पूर्ण वाढवून ऐकावं लागलं.

“आये, माका म्हायत आसा तुका काय व्हया ता. मी हंय रवचंय नाय. मी परत जातलंय.”

एक कावळा खाली उतरतो आणि भाताला चोच लावतो. “शिवलो, शिवलो,” म्हणत लोक हात जोडतात. काजूखालची चौघं उठून उभी राहतात आणि पँटींना लागलेली वाळू झटकायला लागतात.